मोबाईल हिसकावू नका, पाणी मोजायला लावा

आमचं घर कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत, पंचगंगेजवळ. पावसाळा लागला की गल्लीत एकच प्रश्न, ‘पाणी किती?’ गेल्या जुलैत लेकीच्या हातचा मोबाईल हिसकावून दमले, तेव्हा हा प्रश्नच तिच्या गळ्यात घातला. ‘बघतो की मी,’ म्हणाली. (आमच्याकडं मुलीही ‘बघतो’च म्हणतात.) ती सहावीत आहे.

तुम्हीही करून बघा. गुगल शीट्समध्ये कोरं पान उघडून द्या. खातं तुमचंच असू दे. १३ वर्षांखालच्या मुलांचं खातं पालकांच्या देखरेखीशिवाय उघडत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळची पाण्याची पातळी प्रशासन पावसाळ्यात रोज जाहीर करतं. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी तो आकडा पोरांनीच भरायचा. टाईप करायला कितीही वेळ लागू दे, तुम्ही हात लावायचा नाही.

रकाने कसे पाडायचे तेही सांगू नका. लेकीनं फूट-इंच एकाच रकान्यात कोंबले. ३८ फूट २ इंच म्हणजे ३८.२ आणि ३८ फूट ११ इंच म्हणजे ३८.११. आलेख काढला तर रेघ खाली घसरलेली. ‘मम्मी, नदी उतरली की!’ बाहेर धो धो पाऊस, आणि रात्रीत पाणी नऊ इंच चढलेलं. मी गप्प बसले. अर्ध्या तासानं तिलाच कळलं: फुटात इंच बारा, पण शीटला दशांशच कळतात. मग फूट वेगळे, इंच वेगळे, आणि पुढच्या रकान्यात सूत्र: इंच भागिले १२, त्यात फूट मिळवा. ११ इंचांचे ०.९२ झाले, रेघ वर गेली. हे मी आधीच सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी विसरली असती.

आणखी दोन रकाने घाला. एकात सगळीकडे ३९, दुसऱ्यात ४३. बंधाऱ्यावरची इशारा पातळी आणि धोका पातळी, फुटांत. आलेखात दोन आडव्या रेघा येतात आणि नदी त्यांच्याकडं चढताना दिसते. आजीलाही न सांगता कळलं.

शीट घरच्या ग्रुपवर टाकताना ‘फक्त पाहण्यासाठी’ ठेवा. आमच्या मामाचं बोट लागलं आणि एक दिवस पंचगंगा ४०० फुटांवर गेली.

पुराचा फोटो फॉरवर्ड होऊन आला की तो आधी गुगल लेन्समध्ये टाकायला लावा. तोच फोटो नेटवर आधी कुठं आलाय ते त्यात शोधता येतं. आमच्याकडं आलेला एक २०१९ चा निघाला. जुनी तारीख सापडली तर फोटो जुना हे पक्कं. नाही सापडली म्हणजे तो आजचाच, असं मात्र नाही. हा फरक मोठ्यांनाही सांगावा लागतो.

पाऊस सरल्यावर दुधाचा हिशेब दिला. खाड्यांचा रकाना तिनं स्वतःच घातला. पहिल्याच महिन्यात दोन खाड्यांची चूक सापडली. गवळीमामांच्या वहीत नाही, माझ्या कॅलेंडरवर.