जुनी चाकं बसवल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट

आधी रिमवर लावलेली बॅलन्सिंगची जुनी छोटी वजनं काढा आणि आतल्या बाजूचा वाळलेला चिखल खरवडा. तो राहिला तर बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) वाया. बॅलन्सिंग मशीनवर चाक फिरवून रिमची कड बघा. ती लचकत असेल तर रिम वाकलेली आहे, वजनं लावून काही होणार नाही. रिमचं मधलं भोक हबपेक्षा (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं तो) मोठं असेल तर हब रिंग (मधली फट भरणारी कडी) घाला, नाहीतर मशीनवर शून्य दाखवणारं चाकही रस्त्यावर थरथरतं.

नट चांदणीच्या क्रमाने (एकानंतर समोरचा) आवळा, ८०-१०० किमीनंतर पुन्हा तपासा.

अलाइनमेंटआधी (चाकांचे कोन जुळवण्याआधी) हवा भरा, टाय रॉड एंड (स्टिअरिंग चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचं टोक) ढिला नाही ना, हलवून बघा. अलाइनमेंटनंतरही गाडी एका बाजूला ओढते? पुढचे टायर डावे-उजवे बदला (दिशेचा बाण नसेल तरच). ओढ दुसरीकडे गेली तर दोष टायरचाच.