चालढकल मोडावी कशी?

चालढकलीला आपण सरसकट आळस म्हणतो. परंतु आळशी माणसाला न केलेल्या कामाची टोचणी नसते, चालढकल करणारा मात्र दादरला गाडी बदलतानाही त्याच कामाचा विचार करीत असतो. फ्युशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडले, की येथे प्रश्न वेळेपेक्षा मनःस्थितीचा असतो: काम कंटाळवाणे, संदिग्ध किंवा भीतिदायक वाटते, ते टाळताच हायसे वाटते आणि त्या सुटकेमुळेच टाळण्याची सवय पक्की होते.

म्हणून प्रथम, नेमके काय नकोसे वाटते ते लिहून काढावे. प्राप्तिकराचे विवरणपत्र रेंगाळते, तेव्हा अनेकदा खरी अडचण बँकेचे व्याजाचे प्रमाणपत्र हाताशी नसण्याची असते. अशा वेळी ते मिळवणे एवढेच आजचे काम मानावे.

दुसरा उपाय मला सर्वांत भरवशाचा वाटतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनानुसार, ‘अमुक घडले की तमुक करीन’ असा नेमका संकल्प नुसत्या निश्चयापेक्षा अधिक पार पडतो. ‘रात्रीची ताटे उचलली की संगणक उघडीन’ हे योग्य. ‘विरार लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की वाचीन’ हा मात्र चालढकलीचाच सभ्य प्रकार होय.

सुरुवातीला पंचवीस मिनिटांचा गजर लावावा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. घर एकाच खोलीचे असल्यास तो घरच्यांच्या स्वाधीन करावा किंवा जवळची अभ्यासिका गाठावी.