ड्रॅग कलाकाराचा परिचय लिहिताना शब्द कसे निवडावेत

महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन असो, तालीम मंडळाचा गणेशोत्सवातील कार्यक्रम असो किंवा शाहू स्मारक भवनातील प्रयोग असो, कोल्हापुरात ड्रॅग कलाकाराचे निवेदन लिहिण्याची जबाबदारी ज्याच्याकडे येईल, त्याने आधी एक गोष्ट पक्की करावी. मंचावरचे रूप, कलाकाराची लिंगओळख आणि त्याचा लैंगिक कल या तीन स्वतंत्र बाबी आहेत आणि पहिलीवरून उरलेल्या दोहोंचा अंदाज बांधता येत नाही.

वेष, रंगभूषा, हावभाव आणि अतिशयोक्ती यांतून स्त्रीत्व वा पुरुषत्व जाणीवपूर्वक रंगवून दाखवणे म्हणजे ड्रॅग. स्त्रीरूप उभे करणारी ड्रॅग क्वीन, पुरुषरूप उभे करणारा ड्रॅग किंग. क्वीन प्रत्यक्षात पुरुषच असते असे मात्र नाही. ट्रान्स स्त्रिया (जन्मावेळी पुरुष म्हणून नोंद झालेल्या स्त्रिया), नॉनबायनरी व्यक्ती (केवळ स्त्री किंवा केवळ पुरुष अशी ओळख नसलेल्या) आणि इतर स्त्रियाही क्वीन म्हणून मंचावर येतात. खात्री नसेल तेव्हा ‘ड्रॅग कलाकार’ असे लिहावे.

जुने शब्द आपल्या अगदी हाताशी असल्यामुळे ते वापरताना अधिक जपावे लागते. संगीत नाटकातील ‘स्त्रीपार्टी’ ही नाटक कंपनीतील कामाची वाटणी होती. बालगंधर्व किंवा १९०८ साली ललितकलादर्श स्थापन करणारे आपले केशवराव भोसले स्त्रीभूमिका करत, तेव्हा समोर स्त्रीच उभी आहे असे प्रेक्षकाला वाटावे हा हेतू असे. ड्रॅगमध्ये मात्र ‘हे रूप घडवलेले आहे’ ही जाणीव बहुधा खेळाचाच भाग असते. म्हणून त्यांना मागे जाऊन ड्रॅग क्वीन ठरवू नये आणि आजच्या कलाकाराला ‘आधुनिक बालगंधर्व’ म्हणून दोघांचेही वेगळेपण पुसू नये. ‘नाच्या’ हे तमाशातील पात्र आहे. कोल्हापूरचे गणपत पाटील चित्रपटांत ही भूमिका इतकी हुबेहूब करत की, ते संसारी गृहस्थ असूनही लोकांनी त्यांच्या खासगी आयुष्याविषयी तर्क लढवले आणि त्याची झळ त्यांच्या कुटुंबाला सोसावी लागली. भूमिकेला ओळख समजण्याची किंमत कोण मोजतो, हे आपल्याच गावाने पाहिले आहे.

‘जोगता’ हा शब्द यल्लम्माच्या सेवेशी बांधलेला आहे. सौंदत्तीच्या यात्रेला ‘जग’, म्हणजे देवीची प्रतिमा असलेली टोपली, घेऊन जाणारी व्यक्ती कला सादर करत नसते, तर आपले व्रत पाळत असते. ‘तृतीयपंथी’ ही जगण्यातली ओळख आहे, तिला सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी कायदेशीर मान्यता दिली, आणि केवळ वेष पाहून ती कोणालाही चिकटवू नये.

मराठीत खरी कसोटी क्रियापदाची असते, कारण ‘आला’ की ‘आली’ हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. कलाकाराला थेट विचारावे की वेषात असताना आणि वेष उतरवल्यावर कसा उल्लेख केलेला आवडेल. अनेकांची उत्तरे दोन्ही वेळी वेगळी असतात. ती व्यक्ती स्वतःविषयी कशी बोलते यावरून निष्कर्ष काढू नये, विशेषतः आपल्याकडे, जिथे बायकाही सहज ‘मी येतो’ म्हणतात. उत्तर मिळेपर्यंत आदरार्थी रचना उपयोगी पडते. ‘येत आहेत’, ‘सादर करतात’ या रूपांत लिंग दिसत नाही. ‘यांनी लावणी सादर केली’ या वाक्यात क्रियापद लावणीप्रमाणे चालते, कलाकाराप्रमाणे नव्हे. ‘आले’ की ‘आल्या’ असा पेच पडला, तर ‘यांचे आगमन झाले’ असे लिहावे. श्री. किंवा श्रीमती लावू नये.

मंचावरचे नाव कलाकाराने स्वतः लिहून दिल्याप्रमाणे छापावे. कागदोपत्री नाव, गल्ली, कॉलेज किंवा नोकरीचे ठिकाण परवानगीशिवाय कधीही देऊ नये. घरी न सांगितलेली गोष्ट पत्रिकेतून घरी पोहोचली, तर ती परत घेता येत नाही. ‘पुरुष असूनही इतकी सुंदर’ यांसारखे कौतुक गाळावे आणि त्याऐवजी नृत्य, लिपसिंक (वाजणाऱ्या गाण्याबरहुकूम ओठ हलवणे), पोशाखाचे काम यांविषयी दोन नेमकी वाक्ये लिहावीत.

निवेदन तयार झाल्यावर प्रयोगापूर्वी ते कलाकाराला वाचून दाखवावे आणि सुचवलेले बदल त्याच प्रतीवर करावेत. मंचावर चुकीचे रूप तोंडून गेलेच, तर योग्य शब्द लगेच उच्चारावा आणि लांबलचक माफी न मागता निवेदन पुढे चालू ठेवावे.