९-१८-९ : एचडीआर व्हिडिओ शिकताना मी कुठे फसलो

सांगलीला आतेबहिणीच्या हळदीचं शूटिंग मी आयफोन १२ वर एचडीआरमध्ये केलं, म्हणजे नेहमीच्या एसडीआर व्हिडिओपेक्षा जास्त उजेड आणि जास्त रंग धरणाऱ्या पद्धतीनं. एचडीआरमध्ये उजेड आकड्यांत लिहायच्या दोन पद्धती आहेत, एचएलजी आणि पीक्यू. या फोनचा एचडीआर प्रकार म्हणजे डॉल्बी व्हिजन, आणि ते खाली एचएलजीच असतं, म्हणून दाविंची रेझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट कलर मॅनेज्ड केला (रंगांचं रूपांतर सॉफ्टवेअरवर सोडलं) आणि आउटपुट रेक. २१०० या एचडीआर मानकातलं एचएलजी ठेवलं. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मांडवात आलेलं ऊन, पितळी ताटाची चमक, ओली हळद, टाइमलाइनवर सगळं जिवंत दिसत होतं. यूट्यूबवर चढवलं आणि हळद बेसनासारखी फिकी पडली. आत्याचा फोन आला, "अरे, पोरगी आजारी असल्यासारखी का दिसतेय?"

पुढे मी जे केलं ते कृपा करून करू नका. मी सॅच्युरेशन वाढवलं. पुन्हा एक्सपोर्ट, पुन्हा अपलोड, पुन्हा फिकं. अजून वाढवलं. दोन रात्री गेल्या, तीन एक्सपोर्ट झाले, आणि डिस्कवर जागा नाही म्हणून पहिली फाइल मी उडवून टाकली. त्या पहिल्या फाइलमधले रंग अगदी बरोबर होते.

चूक होती लेबलची. हे जरा सावकाश सांगतो, कारण नव्या माणसाची सगळ्यात जास्त दमछाक इथेच होते. व्हिडिओच्या फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. वाण्याला दिलेल्या चिठ्ठीवर नुसतं 'साखर ५' लिहिलं आणि किलो की पाव ते लिहिलंच नाही, तर तो त्याच्या सवयीनं काहीतरी बांधून देईल. इथेही तसंच. फाइलसोबत तीन छोटे आकडे जातात. पहिला प्रायमरीजचा (रंगांची हद्द केवढी), दुसरा ट्रान्सफरचा (आकड्यातून उजेड कसा काढायचा), तिसरा मॅट्रिक्सचा (वेगळे साठवलेले उजेड आणि रंग परत कसे जोडायचे). साध्या एसडीआर व्हिडिओचे १-१-१. एचएलजीचे ९-१८-९. पीक्यूचे ९-१६-९. माझ्या फाइलमध्ये चित्र एचएलजीचं होतं आणि लेबल १-१-१ चं. यूट्यूबनं लेबलवर विश्वास ठेवला. एचडीआरच्या रेक. २०२० या मानकाच्या मोठ्या गॅमटमधले, म्हणजे रंगांच्या हद्दीतले, आकडे एसडीआरचं रेक. ७०९ समजून वाचले की रंग फिके पडतातच. टाइमलाइनवर कितीही रंग ओतला तरी लेबल बदलत नाही. आणि रेझॉल्व्हचा व्ह्यूअर हे एक्सपोर्टचं लेबल बघतच नाही, म्हणून तिथे मला सगळं छान दिसत राहिलं.

लेबल चुकलं कसं? कामावरच्या एका सिनियरनं दिलेला डिलिव्हर पेजचा (रेझॉल्व्हमधली एक्सपोर्टची जागा) प्रीसेट, म्हणजे आधीच भरून ठेवलेली सेटिंग्ज, मी डोळे झाकून वापरत होतो. तो एसडीआरच्या कामांसाठी केलेला होता. ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये कलर स्पेस टॅग आणि गॅमा टॅग दोन्ही रेक. ७०९ वर अडकवून ठेवलेले होते. ते 'सेम ॲज प्रोजेक्ट' हवे होते, बस. त्याच्यावर माझा राग नाही. पण तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की शिकायच्या पहिल्या वर्षी कुणाचाही प्रीसेट घेऊ नये. बिघडलेली फाइल समोर ठेवून दुरुस्त करणाऱ्या माणसाशेजारी एक संध्याकाळ बसायला मिळालं तर बसा. विकतच्या लट पॅकवर (तयार रंगबदलांच्या फाइलींवर) मात्र पैसे घालवू नका. बरेच लट ७०९ साठी केलेले असतात आणि एचएलजीवर टाकले की उजेड चिरडून टाकतात.

अपलोड करण्याआधी मीडियाइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडा आणि फाइल त्यात टाका. बिट डेप्थ (एका आकड्याला किती बिट) १०, प्रायमरीज बीटी.२०२० (रेक. २०२० चंच दुसरं नाव), ट्रान्सफर एचएलजी, मॅट्रिक्स बीटी.२०२० नॉन-कॉन्स्टंट. यातलं एक जरी चुकलं तरी थांबा. बिट डेप्थ ८ दिसली तर एचईव्हीसीचा (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) १० बिटवाला मेन१० प्रोफाइल निवडायचा राहिलाय. पुन्हा एक्सपोर्ट करा, नाहीतर आभाळात पट्टे दिसतील. पण १० बिट बरोबर असेल आणि नुसतं लेबल चुकलं असेल, तर घाबरू नका. एफएफएमपेग या फुकटच्या सॉफ्टवेअरमधला एचईव्हीसी मेटाडेटा फिल्टर चित्राला हात न लावता हे तीन आकडे बदलून देतो. पुन्हा एन्कोड करावं लागत नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर ती पहिली फाइल मी उडवली नसती.

पीक्यू की एचएलजी? सुरुवात एचएलजीनं करा. बीबीसी आणि एनएचकेनं ती प्रसारणासाठी घडवली, जुन्या पडद्यावरही चित्र बऱ्यापैकी दिसावं म्हणून. पीक्यूची मोजपट्टी १०,००० निट्सपर्यंत जाते (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप), वर मास्टरिंगचा मेटाडेटा (कुठल्या पडद्यावर काम केलं त्याची नोंद) सांभाळा. ते नंतर.

पांढऱ्या अक्षरांकडे लक्ष द्या. वधू-वरांची नावं मी शंभर टक्के पांढरी ठेवली होती. अंधाऱ्या खोलीत ती डोळ्यांत घुसत होती. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेच्या बीटी.२४०८ अहवालात ग्राफिक्सच्या पांढऱ्यासाठी २०३ निट्स दिलेत. स्कोपवर (सिग्नलची पातळी दाखवणाऱ्या आलेखावर) ते एचएलजीत ७५ टक्क्यांवर येतं, पीक्यूत ५८ वर.

महागडा मॉनिटर नाही म्हणून अडून बसू नका. दहा सेकंदांचा तुकडा एक्सपोर्ट करून केबलनं फोनवर घ्या आणि तिथे बघा. आयफोन १२ चा पडदा एचडीआरमध्ये १२०० निट्सपर्यंत जातो; 'एचडीआर' असा स्टिकर लावलेले कितीतरी लॅपटॉप त्याच्या जवळपासही नसतात. तुकडा व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून मात्र पाठवू नका, तिथे तो पुन्हा दाबला जातो आणि तुम्ही तपासता ती तुमची फाइल उरत नाही.

४के, ३० फ्रेम्सच्या एचडीआरसाठी यूट्यूब ४४ ते ५६ एमबीपीएस सुचवतं. अपलोड झाल्या झाल्या दिसते ती प्रत हलकी, साधी एसडीआर असते. एचडीआर तयार व्हायला वेळ लागतो. 'अनलिस्टेड' ठेवा, झोपा, सकाळी एचडीआर पडद्यावर क्वालिटीच्या यादीत आकड्याशेजारी 'एचडीआर' आलंय का बघा. मी रात्री दोन वाजता घाबरून एक चांगला अपलोड असाच डिलीट केला होता.

लेबल सुधारल्यावर माझी तिसरी, सॅच्युरेशन वाढवलेली प्रत उघडली तेव्हा सगळ्यांचे चेहरे नारिंगी झाले होते. ग्रेड (रंगांची जुळवाजुळव) पुसून पहिल्यापासून केला. आत्याकडचा टीव्ही जुना, एसडीआर. यूट्यूब त्याच्यासाठी स्वतःच रंग उतरवून देतं. चौथी प्रत मी तिच्याच घरी, तिच्याशेजारी बसून पाहिली. ताटाची चमक थोडी दबली होती. हळद पिवळी होती.