‘एक होता ड्रायव्हर’ आहे का?

वाचनालयाच्या देवघेव काउंटरवर नव्याने बसलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. संगणक काय, कुणीही शिकवेल. पण समोरचा वाचक ज्याचं नाव घेतोय ते पुस्तकच अस्तित्वात नसेल, तर काय करायचं ते मी सांगते.

नाव कानावर पडल्या पडल्या कीबोर्डकडे धावू नका. ‘असं पुस्तकच नाही’ हे तर तोंडातून काढूच नका. दोनच प्रश्न विचारा: कशाबद्दल आहे, आणि तुम्हाला कुणी सांगितलं? एका काकांनी ‘एक होता ड्रायव्हर’ मागितलं. कशाबद्दल हो काका? ‘तो नाही का, अमेरिकेतला, भुईमुगावर संशोधन करणारा.’ झालं काम. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’. नातवाला शाळेतल्या बाईंनी सांगितलेलं, नातवाने आजीला, आजीने काकांना. एवढ्या प्रवासात कार्व्हरच्या हाती स्टेअरिंग आलं. तसंच ‘रंगारंग’ मागणाऱ्या दादाने ‘हिमालयात रस्ता बांधतात ते’ म्हटल्यावर प्रभाकर पेंढारकरांचं ‘रारंगढांग’ काढून द्यायला कितीसा वेळ लागतो? मात्र हसायचं नाही. रांगेतल्या चार माणसांसमोर नाव दुरुस्तही करायचं नाही. पुस्तक हातात ठेवा, मुखपृष्ठ त्यांचं ते वाचतात.

खरी परीक्षा नाव बरोबर आणि पुस्तक भलतंच असतं तेव्हा. गुरुवारी एखाद्या मावशी ‘स्वामी’ मागतात. तुम्ही तत्परतेने रणजित देसाईंची १९६२ची कादंबरी देता. मावशी घरी जाऊन, देवासमोर दिवा लावून, पुस्तक उघडतात आणि समोर थोरले माधवराव पेशवे! त्यांना हवं असतं अक्कलकोटच्या स्वामींचं एकवीस अध्यायांचं ‘सारामृत’. म्हणून ‘स्वामी’ मागितलं की आधी सहज विचारायचं, ‘वाचायला की पारायणाला?’ ‘मृत्युंजय’लाही हाच प्रश्न लागू, कर्णाऐवजी महामृत्युंजय मंत्र हवा असणारे येतात. ‘रणांगण’ मागणारा लष्करभरतीची तयारी करणारा मुलगा असेल, तर त्याला आधीच सांगा की बाबा रे, विश्राम बेडेकरांची ही कादंबरी बोटीवरच्या प्रेमाची आहे, दुसरं महायुद्ध तोंडावर आलेलं असतानाची. तरी नेतो म्हणाला तर जरूर द्या. आमच्याकडच्या एकाने ती नेली आणि मुदत दोनदा वाढवून घेतली.

सिनेमा आला की निराळीच वर्दळ. ‘तुंबाड’ २०१८मध्ये आला, तेव्हापासून तरुण पोरं ‘ती भुताची कादंबरी’ मागायला येतात. श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’चे दोन जाडजूड खंड पाहून त्यांचा चेहरा पडतो. तिथे आहे खोतांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची कहाणी. सिनेमातला हस्तर नावाचा राक्षस त्यात शोधून सापडायचा नाही. अशांना नारायण धारपांच्या कपाटाकडे न्या. भीतीची भूक तिथे भागते.

‘निळं होतं, एवढं जाड’ ही मागणी रोजची. आपल्याकडे तिचा उपयोग शून्य, कारण फाटलेली पुस्तकं बांधणीला जातात आणि सगळीच्या सगळी एकाच तपकिरी कापडात परत येतात. तेव्हा रंगाच्या नादी लागू नका. कधी वाचलं होतं, शेवटी कोण मेलं, हे विचारा. कोण मेलं ते कुणी विसरत नाही.

शोधताना पूर्ण नाव टाइप करू नका. कादंबरीवर छापलंय ‘ययाति’, वाचक लिहितो ‘ययाती’, आणि नोंद करणाऱ्याने कुठली वेलांटी दिली ते तोच जाणे. ‘यया’ एवढंच टाका. ‘पु. ल.’, ‘व. पु.’ यांच्या टिंबांचं आणि मधल्या जागांचंही तेच रडगाणं, आडनावाने शोधा. अर्थात आडनाव कुलकर्णी निघालं तर चहा मागवा.

काउंटरखाली एक दोनशेपानी वही ठेवा. डाव्या बाजूला वाचकाने घेतलेलं नाव, उजवीकडे निघालेलं पुस्तक आणि दाखल क्रमांक. वाचकाचं नाव त्यात अजिबात लिहायचं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तेच तेच घोळ पुन्हा येतात, तेव्हा ही वही संगणकाच्या आधी उत्तर देते. संध्याकाळी गर्दीच्या वेळी उलगडा झाला नाही तर निमूट फोन नंबर घ्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शांतपणे शोधा.

आणि ‘बटाट्याची चाळ’ पाककृतींच्या कपाटात सापडली, तर वाचकांवर खापर फोडू नका. ती आपल्यातल्याच कुणीतरी तिथे लावलेली असते. गुपचूप उचला आणि विनोदाच्या कपाटात सरकवा.