सायकल रेसमध्ये आपटल्यानंतर परत बंचमध्ये (रायडरच्या घोळक्यात) कसं यायचं (माझा अनुभव, आणि फाबिओ याकोबसनचं ते एक वर्ष)

परवा पुण्याजवळच्या बोपदेव घाटाखाली चहाला थांबलो होतो, तिथं एक पोरगा भेटला, वय असेल १९-२०, हात गळ्यात अडकवलेला आणि सायकल मित्राची बघायला आलेला. पहिलाच प्रश्न, दादा कॉलरबोनला किती दिवस लागतात? मी म्हटलं हाडाला विचारतोयस की तुला विचारतोयस? तो हसला पण त्याला काही कळलं नाही. चार वर्षांपूर्वी मलाही कळलं नसतं, म्हणून हे लिहितोय, जे नव्यानं रेसिंगमध्ये येतायत आणि एकदा तरी आपटणार आहेत (आपटणार, आत्ताच मान्य करून टाका) त्यांच्यासाठी.

माझं थोडक्यात सांगतो कारण त्यात विशेष काही नाही. एक लोकल मास स्टार्ट रेस (सगळे एकदम सुटतात ती), आयोजकांचं नाव घेत नाही, फिनिशच्या ३०० मीटर आधी पांढरा पट्टा उडालेला स्पीडब्रेकर, पुढच्याचं मागचं चाक माझ्या पुढच्या चाकाला घासलं आणि मी डाव्या खांद्यावर. कॉलरबोनचे दोन तुकडे, प्लेट, समोरचे दोन दात अर्धे, आणि आठवडाभर आईच्या हातची पेज. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे. सहाव्या आठवड्याला एक्स-रे छान आला, सातव्या आठवड्यात मी ग्रुप राइडला गेलो आणि वीस मिनिटांत घरी परत आलो. खांदा अजिबात दुखत नव्हता, पण मागून कुणाच्या फ्रीव्हीलचा टरटर आवाज जवळ आला की माझी बोटं आपोआप ब्रेकवर जायची, आणि बंचमध्ये विनाकारण ब्रेक मारणारा माणूस सगळ्यांनाच नको असतो. दोन जणांनी शिव्या दिल्या, बरोबरच दिल्या.

त्या काळात घरी बसून मी याकोबसनबद्दल मिळेल ते वाचून काढलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फाबिओ याकोबसन म्हणजे डच स्प्रिंटर, तेव्हा बेल्जियमच्या डेकनिंक-क्विकस्टेप टीममध्ये. ५ ऑगस्ट २०२०, टूर ऑफ पोलंडची पहिली स्टेज (म्हणजे रेसचा पहिला दिवस), फिनिश कातोवित्सेला. हा फिनिश उतारावरचा. सपाट रस्त्यावर स्प्रिंटमध्ये ६५-७०चा स्पीड येतो, इथे ८०च्या आसपास जायचा आणि रायडर आधीपासून त्याबद्दल तक्रार करत होते. शेवटच्या मीटर्समध्ये डिलन ग्रुनेवेगन या दुसऱ्या डच स्प्रिंटरनं आपली सरळ लाइन सोडली, याकोबसन बॅरियरला दाबला गेला आणि बॅरियर तोडून पलीकडे गेला. चेहऱ्याला १३० टाके. बरेचसे दात गेले, वरच्या आणि खालच्या जबड्याचा भाग गेला, टाळू फाटला, डोक्याला मार, आवाजाच्या नसेला इजा. पोलंडमधल्या हॉस्पिटलमध्ये त्याला कोमात ठेवून ऑपरेशन केलं. आयसीयूमध्ये आपण जगणार नाही अशी भीती वाटत होती हे त्यानं नंतर स्वतः सांगितलंय. पुढे कमरेच्या हाडाचा तुकडा काढून जबड्यात बसवला, मग त्यावर दातांचं काम.

माझे दोन अर्धे दात आणि हे, तुलनाच नाही, मला माहीत आहे. पण मला त्याच्या जखमेपेक्षा त्याच्या परत येण्याचा क्रम उपयोगी पडला, आणि तोच इथं सांगायचाय.

पहिली रेस एप्रिल २०२१ मध्ये, टूर ऑफ टर्की, म्हणजे आठ महिन्यांनी. आणि तिथं तो जिंकायला गेलाच नव्हता. बंचमध्ये बसायचं, धक्काबुक्की सुरू झाली की मागे यायचं, दिवस संपवायचा. त्याच रेसमध्ये त्याच टीमच्या मार्क कॅव्हेंडिशनं चार स्टेज मारल्या, म्हणजे बघा, आपल्या जागेवर दुसरा माणूस रोज जिंकतोय आणि आपण मागे शेपटाला बसून फिनिश लाइन ओलांडतोय. (कॅव्हेंडिशला तर सगळ्यांनी संपलेला म्हणून सोडून दिलं होतं, त्यानं त्याच वर्षी टूर द फ्रान्समध्ये पण चार स्टेज आणि हिरवी जर्सी (पॉइंट्समध्ये पहिला येणाऱ्याची) घेतली, पण ती वेगळी गोष्ट आहे, मी सुरू झालो तर थांबणार नाही.) माझ्यासारख्याला हे मागे बसणंच जमत नाही. आपल्याकडे पोरं प्लास्टर निघालं की पहिल्याच रविवारी स्ट्राव्हा ॲपच्या सेगमेंटवर (रस्त्याच्या ठरलेल्या तुकड्यावर) आपला नंबर बघतात. मी पण तेच केलं होतं.

मग जुलैमध्ये टूर द वॉलोनी, बेल्जियममधली पाच दिवसांची रेस, तिथं त्यानं दोन स्टेज जिंकल्या. अपघातानंतरचा पहिला विजय तिथला. एप्रिल ते जुलै, मधले तीन महिने नुसतं रेस करणं, हे कुणी बघत नाही, यूट्यूबवर तर कुणीच टाकत नाही.

आणि मग वुएल्ता. स्पेनची तीन आठवड्यांची ग्रँड टूर, १४ ऑगस्ट २०२१ला बुर्गोसमध्ये सुरू झाली. १७ तारखेला चौथी स्टेज, मोलिना दे आरागोन, याकोबसन पहिला, आर्नो देमार दुसरा. अपघाताला एक वर्ष आणि बारा दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी अल्बासेतेला लगेच हरला, यास्पर फिलिपसननं मागे टाकलं त्याला. आठवी स्टेज परत याकोबसन, सोळावी परत याकोबसन, आणि सोळावी ३१ ऑगस्टला होती, त्याच्या २५व्या वाढदिवशी. शेवटी पॉइंट्सची हिरवी जर्सी घेऊन सांतियागोला पोचला.

आता नवीन लोकांना एक गोष्ट कळत नाही ती म्हणजे स्प्रिंटरला हिरवी जर्सी मिळवायची तर तीन स्टेज जिंकून भागत नाही, शेवटच्या दिवसापर्यंत रेसमध्ये टिकावं लागतं, आणि वुएल्ता म्हणजे डोंगरच डोंगर. त्या वर्षी सतराव्या आणि अठराव्या स्टेजला लागोपाठ कोवादोंगा आणि गामोनितेइरु. प्रत्येक स्टेजला टाइम कट असतो, पहिल्या आलेल्याच्या वेळेच्या ठराविक टक्के मागेपर्यंत चालतं, त्याच्या पुढे गेलात की घरी. म्हणून सगळे स्प्रिंटर मागे एक टोळकं करतात, त्याला ग्रुपेटो म्हणतात, हिशोब करत करत चढतात, आणि टीममधले एकदोघं त्यांच्यासाठी मुद्दाम मागे थांबतात. म्हणजे ज्यांच्या अंगात चांगला चढ चढायची ताकद आहे ते आपला दिवस सोडून स्प्रिंटरच्या पुढे वारा कापत बसतात. २०२२च्या टूर द फ्रान्समधली पेराग्यूदची स्टेज सापडली तर शेवट जरूर बघा, वरती विमानाच्या धावपट्टीचा भिंतीसारखा चढ आहे, विजेता कधीच येऊन गेलाय, आणि याकोबसन डोकं हँडलबारवर टाकून येतोय, टीमवाले लाइनच्या पलीकडून बोंबलतायत, काही सेकंद शिल्लक असताना तो आत आला आणि तिथंच कोसळला. मला तो क्लिप त्याच्या कुठल्याही विजयापेक्षा जास्त आवडतो.

बरं, आता माझ्या बाजूचं, म्हणजे तुम्हाला काय करायचं ते.

डोक्याला मार असेल तर बाकी सगळं नंतर. यूसीआयनं (सायकलिंगची जागतिक संघटना) २०२१ पासून कन्कशनचा, म्हणजे मेंदूला बसलेल्या धक्क्याचा, प्रोटोकॉल आणला, रेसमध्ये आपटल्यावर डोक्याची तपासणी करायला. आपल्या लोकल रेसमध्ये तो कोण बघणार, तुम्हीच बघायचा. चक्कर, उलटी, उजेड सहन न होणं, एखादी गोष्ट आठवत नसणं, यातलं काहीही असेल तर 'दादा काही नाही झालं' म्हणून परत सायकलवर बसायचं नाही, सरळ डॉक्टर. हेल्मेट आपटलं की बदलायचं, वरून चांगलं दिसत असलं तरी. कार्बन फ्रेम असेल तर ती पण दुकानात नीट तपासून घ्या, माझ्या फोर्कला (पुढचं चाक धरणारा भाग) केसाएवढी चीर होती आणि ती मेकॅनिकला टॉर्च तिरपा धरल्यावर दिसली.

इन्शुरन्सचं आधीच बघा. पॉलिसीत काय काय वगळलंय ती यादी वाचा, स्पर्धेतला अपघात धरतात का ते लेखी विचारा. मी आपटल्यावर वाचली, तोपर्यंत बिल भरून झालं होतं.

होम ट्रेनर (घरात सायकल अडकवून जागेवर चालवायचं यंत्र) लवकर सुरू करता येतो, पण फिजिओला विचारून. माझ्या फिजिओ ताईंनी पहिले दोन आठवडे मला हँडल धरूच दिलं नाही, उजवा हात हलका टेकवून नुसते पाय फिरवायचे. मला वाटलं हे काय बायकी व्यायाम आहेत, आणि तिसऱ्या दिवशी व्यायामाच्या रबरी पट्ट्यानं घाम काढला तेव्हा तोंड बंद झालं. वजन-वॅट्स वगैरे सोडून द्या त्या महिन्यात. पाय लवकर परत येतात, खरंच, आठ-दहा आठवड्यांत माझा पॉवर जवळपास जुन्या जागी होता.

भीतीचं मात्र मी पायऱ्या पाडून केलं, आणि इथं मी सरळ याकोबसनची कॉपी मारली. आधी एकटा, रिकाम्या रस्त्यावर. मग एकाच विश्वासू मित्राच्या मागे, एक मीटर अंतर, मग अर्धा मीटर. मग दोघं शेजारी शेजारी, गवताच्या मैदानावर, मुद्दाम कोपराला कोपर घासत, हळू स्पीडला, पडलो तरी गवतात. हा व्यायाम लहान पोरांचा वाटतो, पण मला याच्याइतका कशाचाच उपयोग झाला नाही. मग बंचच्या शेवटी. मग बंचच्या मध्ये. फिनिश लाइन दिसली की पहिल्या तीन रेस मी ठरवून मागे राहिलो, तसं मित्रांना आधीच सांगून ठेवलं होतं म्हणजे नंतर टोमणे नकोत. टोमणे आले ते आलेच.

आणि ज्याच्यामुळे पडलात त्याचं काय? ग्रुनेवेगनवर नऊ महिन्यांची बंदी आली, त्याला आणि त्याच्या घरच्यांना धमक्या आल्या इतक्या की पोलीस संरक्षण घ्यावं लागलं. हे मला फार घाण वाटलं. चूक त्याची होती, शिक्षा झाली, विषय तिथंच. २०२२च्या टूरमध्ये डेन्मार्कला दुसरी स्टेज याकोबसननं जिंकली, न्यूबोर्गला, तो १८ किलोमीटरचा समुद्रावरचा पूल ओलांडून. तिसरी स्टेज दुसऱ्याच दिवशी, जिंकला कोण तर ग्रुनेवेगन. दोघं एकाच बंचमध्ये, एकाच फिनिशला. माझ्या पुढच्या चाकवाल्याशी मी सहा महिने बोललो नव्हतो. त्यानं मुद्दाम केलं नव्हतं, स्पीडब्रेकर त्यालाही दिसला नव्हता. शेवटी बालेवाडीच्या पार्किंगमध्ये समोरासमोर आलो तेव्हा तोच आधी म्हणाला, खांदा कसाय रे.

आई अजूनही दर रविवारी पहाटे दाराशी येऊन विचारते, ती सायकल विकणार होतास ना? गेल्या महिन्यात पहिल्यांदा शेवटच्या २०० मीटरला हात ड्रॉप्सवर (हँडलच्या खालच्या वाकड्या भागावर) होते आणि बोटं ब्रेकवर नव्हती. ३१वा आलो. बोपदेवच्या त्या पोराला नंबर दिलाय, प्लास्टर निघालं की त्याला गवताच्या मैदानावर न्यायचंय.