बूट होताना पेज साइझ कशी ठरते आणि ती कशी तपासायची

ऐरोली-महापे पट्ट्यात सर्व्हरच्या कामाला लागलेली पोरं पेज साइझ, म्हणजे सिस्टिम मेमरीचे ज्या मापाचे तुकडे करून वापरते ते माप, कसं ठरतं हे सारखं विचारतात, म्हणून लिहितोय. आधी टर्मिनलात गेटकॉन्फ पेजसाइझ मारा, पेजसाइझ कॅपिटलमध्ये. इंटेल-एएमडीच्या ६४ बिट मशीनवर ४०९६ च येणार, तिथे बेस पेज ४ केबीचंच असतं, चॉईसच नाही.

एआरएम ६४ वर (मोबाइल, रास्पबेरी पाय वगैरेतले ६४ बिट प्रोसेसर) मात्र ४, १६ किंवा ६४ केबी असे पर्याय आहेत, पण लिनक्समध्ये ते कर्नल (सिस्टिमचा गाभा) कंपाइल करतानाच ठरतं, बूटला कर्नल फक्त सीपीयूच्या आयडी रजिस्टरमध्ये बघतो की ही साइझ चालते का, नाही चालली तर तिथेच थांबतो. म्हणजे साइझ बदलायची तर कर्नलच बदलायचा. रास्पबेरी पाय ५ हा छोटा कॉम्प्युटर घ्या, त्याचा डिफॉल्ट कर्नल १६ केबीचा, त्यावर ४ केबी धरून बिल्ड केलेला रेडिस (डेटाबेस) चालवला की त्यातला मेमरी वाटप करणारा भाग, जेमॅलॉक, 'अनसपोर्टेड सिस्टिम पेज साइझ' म्हणून ओरडतो. मग कॉन्फिग डॉट टीएक्सटीमध्ये कर्नल=कर्नल८.आयएमजी लिहून रीबूट मारा, ४ केबीवर येतं.

इंटेल-एएमडीवर १ जीबीची ह्यूज पेजेस (बेस पेजपेक्षा खूप मोठी पेजेस) हवीत तर प्रॉक सीपीयूइन्फोमध्ये पीडीपीई१जीबी फ्लॅग आहे का बघा, आणि ग्रब या बूटलोडरच्या कर्नल लाइनवर आधी ह्यूजपेजएसझेड=१जी, मगच ह्यूजपेजेस=४, हा क्रम उलटा करू नका प्लीज. बूटलाच राखून ठेवा, नंतर मेमरीचे तुकडे पडले की सलग १ जीबी मिळणं अवघडच. आणि मेमइन्फोमधला ह्यूजपेजेस टोटल फक्त डिफॉल्ट साइझचा असतो, तिथे शून्य दिसलं म्हणून घाबरू नका, सिस फोल्डरात कर्नल, एमएम, ह्यूजपेजेस असं आत जाऊन बघा.